पूरमैदानातली काहीशा अपुऱ्या निचऱ्याची जमीन: गुणधर्म, ओळख आणि वर्गीकरण (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पूरमैदानातली कायम चिबड जमीन लांबूनही कळते आणि उंचवट्यावरची कोरडी जमीनही कळते. घोळ होतो तो मधल्या जमिनीपाशी. ही जमीन वर्षातले काही महिने वरपर्यंत ओली असते आणि उरलेल्या काळात अगदी चांगली दिसते. या मधल्या वर्गाबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. निचऱ्याचे वर्ग आणि मुख्य वर्गीकरण अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मृदा सर्वेक्षण पद्धतीतले आहे, कारण ‘काहीसा अपुरा निचरा’ हा वर्ग त्याच पद्धतीतला आहे.

‘काहीसा अपुरा निचरा’ म्हणजे नेमका किती?

निचऱ्याचे मूळ सात वर्ग आहेत. कोरड्या टोकाकडून पाहिलं तर अतिनिचरा, काहीसा अतिनिचरा, चांगला, मध्यम चांगला, काहीसा अपुरा, अपुरा आणि अत्यंत अपुरा असा क्रम लागतो. आपला वर्ग त्यात पाचवा. या जमिनीतून पाणी हळू निघतं, त्यामुळे पिकांच्या वाढीच्या हंगामात बराच काळ ती उथळ खोलीवरच ओली राहते. मोकळं पाणी साधारण २५ सेंटिमीटरपासून १ मीटरपर्यंत कुठेतरी सापडतं आणि ते बहुधा हंगामी असतं. कोरड्या महिन्यांत तेच पाणी बरंच खाली गेलेलं असतं.

यात खोली आणि काळ या दोन्ही गोष्टी मोजायच्या असतात. दोन दिवसांसाठी पाणी ३० सेंटिमीटरवर आलं आणि उतरलं, तेवढ्यावरून जमीन या वर्गात जात नाही.

पूर येतो म्हणून निचरा अपुरा, असंच ना?

नाही. सर्वाधिक चुका याच समजातून होतात. पूर वरून येतो, निचरा हा जमिनीच्या आतला व्यवहार आहे. नदीला लागून असलेल्या वाळूमिश्रित नैसर्गिक बांधावर दर दुसऱ्या वर्षी पुराचं पाणी चढत असेल, तरी पाणी ओसरल्यावर थोड्याच काळात तिथे मुळांना हवा मिळते. ती जमीन चांगल्या निचऱ्याची. त्याच नदीपासून दूर, क्वचितच पूर येणाऱ्या सखल भागात भूजल महिनोन्‌महिने ४० सेंटिमीटरवर उभं असू शकतं.

म्हणूनच सर्वेक्षणात पुराची वारंवारता वेगळी लिहितात. कोणत्याही एका वर्षी पूर येण्याची शक्यता १ ते ५ टक्के असेल तर ‘क्वचित’, ५ ते ५० टक्के असेल तर ‘अधूनमधून’ आणि ५० टक्क्यांहून अधिक असेल तर ‘वारंवार’. पाणी किती काळ साचतं तेही वेगळं नोंदवतात: २ ते ७ दिवस म्हणजे ‘अल्पकाळ’, ७ ते ३० दिवस म्हणजे ‘दीर्घकाळ’. कोणत्याही अहवालात या नोंदी आणि निचऱ्याचा वर्ग स्वतंत्रपणे वाचाव्यात. एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नये.

पूरमैदानात अशी जमीन कुठे सापडते?

पूर पात्राबाहेर पडला की पाण्याचा वेग एकदम कमी होतो. जाड वाळू काठालाच पडते आणि तिचा उंचवटा तयार होतो. पोयटा थोडा पुढे जातो. बारीक चिकण कण संथ पाण्यात, मैदानाच्या मागच्या सखल पट्ट्यात बसतात. काठापासून आत चालत गेलं तर आधी चांगल्या निचऱ्याची, मग मध्यम, मग काहीशा अपुऱ्या आणि शेवटी अपुऱ्या निचऱ्याची जमीन लागते. उंचीतला फरक कित्येकदा एक मीटरही नसतो. डोळ्यांना सपाट दिसणाऱ्या शेतात दोन निचरावर्ग सहज निघतात.

जुन्या, सोडून दिलेल्या पात्रांच्या खाचा हा क्रम मोडतात. अशी खाच मैदानातून आडवी गेली असेल तर तिच्या कडेला आपला वर्ग आणि तळाशी अपुरा निचरा सापडतो, मग नदी कितीही जवळ असो.

खड्डा खणला तर ओळखायचं कशावरून?

रंगावरून, पण नीट पाहिलेल्या रंगावरून.

खड्ड्याची एक बाजू चाकूने खरवडून ताजी करा. अशा जमिनीत वरचा २०-२५ सेंटिमीटरचा नांगरटीचा थर बहुधा तपकिरी असतो, मातीचे रंग ताडून पाहायच्या मन्सेल रंगपुस्तकात १० वाय-आर (पिवळट-तांबूस छटा) ४/३ च्या आसपास. तिथे संशय यावा असं काही दिसत नाही. त्याच्या खाली तपकिरी रंगात करडे डाग आणि गंजासारखे पिवळट-तांबूस ठिपके मिसळू लागतात. करडे डाग १० वाय-आर ५/२ सारखे, ठिपके ५/६ सारखे. तिरकस रेघेनंतरचा आकडा क्रोमाचा, म्हणजे रंगाच्या तीव्रतेचा. हा आकडा २ किंवा त्याहून कमी असलेले करडे डाग आणि त्यांची सुरुवातीची खोली, या दोन गोष्टींवर निम्मा निकाल लागतो. आणखी खाली गेलं की करडा रंगच मुख्य होतो आणि तपकिरी रंग डागांपुरता उरतो.

आता एक ढेकूळ हातात घेऊन फोडा आणि मुळांच्या जुन्या नळ्या पाहा. नळीच्या कडेला गंजाचा पातळ लेप आणि आतली माती करडी असेल, तर पाणी खालून वर येतं: ढेकळाचा गाभा ओला राहतो, नळीतून थोडी हवा शिरते आणि लोह तिथेच जमतं. उलट नळीची कड करडी पडलेली आणि गंज जरा आत, मातीत सरकलेला असेल, तर पाणी वरच्या एखाद्या थरावर अडून बसतं. कुजणाऱ्या मुळामुळे ऑक्सिजन आधी नळीपाशी संपतो, लोह तिथून विरघळून आत जातं. नखाएवढ्या जागेवरून पाण्याची दिशा कळते. या कामातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हाच.

माती करडी का पडते?

मातीला तपकिरी-तांबूस रंग देतात ते लोहाचे ऑक्साइड. माती पाण्याने भरली की हवेची वाट बंद होते. जिवाणू सेंद्रिय पदार्थ खातच राहतात आणि उरलेला ऑक्सिजन संपवतात. मग ते आधी नायट्रेट, नंतर मँगनीज आणि त्यानंतर लोह वापरतात. लोहाचं क्षपण होतं, म्हणजे ते गंजाच्या उलट दिशेने बदलतं, आणि मग ते विरघळून पाण्याबरोबर सरकतं. मागे उरलेल्या कणांना स्वतःचा करडा रंग असतो, तो उघडा पडतो. विरघळलेलं लोह जिथे हवा भेटते तिथे पुन्हा गंजून ठिपका होतो.

याच्या पुढच्या पायऱ्या म्हणजे सल्फेटचं क्षपण आणि मिथेन. सडक्या अंड्यांचा वास यायला लागला तर जमीन बहुधा आपल्या वर्गापेक्षा जास्त ओली आहे.

रंग कधी फसवतो का?

फसवतो, आणि पूरमैदानात जरा जास्तच. त्याची कारणं अशी:

- गाळ नुकताच बसलेला असेल तर ठिपके तयार व्हायला वेळच मिळालेला नसतो. वरची ताजी थप्पी स्वच्छ तपकिरी दिसते, पाणी मात्र तिच्यात दरवर्षी चढतं.
- सेंद्रिय पदार्थ फार कमी असेल तर जिवाणूंना खाद्य नाही. माती भिजलेली राहूनही करडी पडत नाही.
- लालसर खडकापासून आलेल्या काही गाळांत लोह इतकं चिवट बसलेलं असतं की रंग सहजी बदलत नाही.
- वाहत्या, ऑक्सिजन असलेल्या पाण्याने भिजलेल्या जाड वाळूत क्षपण होतच नाही.
- नदीने पात्र खोल कापलं आणि भूजल कायमचं उतरलं, तरी जुने ठिपके तसेच राहतात. जुन्या ठिपक्यांच्या कडा बहुधा रेखीव असतात. आजही चालू असलेल्या प्रक्रियेतल्या ठिपक्यांच्या कडा आजूबाजूच्या मातीत विरत गेलेल्या दिसतात.

मग खात्री कशी करायची?

दोन मार्ग आहेत. पहिला अल्फा-अल्फा-डायपिरिडिल या रसायनाचा. ओल्या हंगामात ढेकूळ हाताने फोडायचं आणि ताज्या पृष्ठभागावर थेंब टाकायचे. विरघळलेलं क्षपित लोह असेल तर थोड्याच वेळात गुलाबी ते लाल रंग येतो. फावड्याचं किंवा गिरमिटाचं पातं लागलेल्या जागेवर थेंब टाकू नयेत, कारण पोलादाच्या कणांनीही रंग येतो. कोरड्या हंगामात रंग आला नाही तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

दुसरा मार्ग धीराचा आहे: छिद्रं पाडलेली निरीक्षण नळी पुरून पाण्याची पातळी नियमित मोजायची. एकाच वर्षाच्या मोजणीवर निर्णय घेऊ नये. ते वर्ष नेहमीपेक्षा कोरडं किंवा ओलं असू शकतं.

या जमिनीत थर इतके विस्कळीत का असतात?

कारण प्रत्येक मोठा पूर वर नवा थर टाकतो आणि माती पुन्हा पहिल्यापासून घडायला लागते. नदीच्या गाळात बारीक पदर स्पष्ट दिसतात. पुढे मुळं आणि गांडुळं ते पदर मोडत जातात. वरच्या अर्ध्या मीटरमध्ये पदर पुसले गेले आहेत आणि खाली तसेच आहेत, असं चित्र नेहमीचं.

सामान्य जमिनीत सेंद्रिय कर्ब खोलीबरोबर नियमाने कमी होतो. इथे तो कमी होतो, मध्येच वाढतो, पुन्हा घटतो. गाडला गेलेला जुना पृष्ठभाग हे त्याचं कारण. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन आणि आजूबाजूच्या राज्यांतली ‘ओरायन’ ही मृदा-श्रेणी, म्हणजे सारख्या थरांच्या जमिनींचा नाव दिलेला गट, याचं उत्तम उदाहरण आहे. वर फिकट, पोयट्याचा पदरापदराचा गाळ आणि खाली अचानक लागणारी काळी, जुनी माती. एकोणिसाव्या शतकात टेकड्यांवर नांगर लागला, उतारावरची माती वाहून दऱ्यांत आली आणि जुना पृष्ठभाग खाली दबला. त्या खड्ड्यात शेतीचा इतिहास डोळ्यांसमोर उभा राहतो. अशा जमिनीत फक्त वरच्या थराचा नमुना घेऊन शेताबद्दल बोलणं मला अर्धवट काम वाटतं.

भौतिक आणि रासायनिक गुण कसे असतात?

पोत गाळावर अवलंबून. पोयटा किंवा चिकण-पोयटा असेल तर पिकाला मिळू शकणारं पाणी भरपूर धरून ठेवतात आणि कोरड्या महिन्यांत हाच त्यांचा मोठा गुण ठरतो. पाणी झिरपण्याचा वेग अनेकदा मध्यमही असतो. म्हणजे माती पाणी जाऊ द्यायला तयार असते, पण खालची पातळीच वर असल्याने पाण्याला जायला जागा नसते. म्हणून चिकणपणा आणि अपुरा निचरा यांची सरसकट सांगड घालू नये.

भिजलेल्या अवस्थेत सामू उदासीनतेकडे सरकतो. लोहाला बांधलेला काही स्फुरद सुटा होतो. नत्राचं मात्र नुकसान होतं: नायट्रेट वायू होऊन उडून जातं. ओल्या काळाच्या तोंडावर दिलेलं नायट्रेटयुक्त खत त्यामुळे वाया जाऊ शकतं.

सॉइल टॅक्सॉनॉमीत या जमिनी कुठे बसतात?

एका जागी बसत नाहीत, आणि हे आधी पक्कं समजून घ्यायला हवं. निचरावर्ग हा सॉइल टॅक्सॉनॉमीचा निकष नाही. १९७५ साली प्रसिद्ध झालेली ही अमेरिकेची वर्गीकरण पद्धत ‘अ‍ॅक्विक परिस्थिती’ पाहते, म्हणजे संपृक्तता (माती पाण्याने पूर्ण भरणं), क्षपण आणि त्यांच्या रंगखुणा. त्या कोणत्या खोलीत आहेत यावर नाव ठरतं. काहीशा अपुऱ्या निचऱ्याची जमीन नेमकी त्या सीमारेषेवर उभी असते, म्हणून (गण, उपगण, उपगट अशा उतरत्या पायऱ्यांमध्ये) ती कधी ओल्या उपगणात जाते आणि कधी कोरड्या उपगणाच्या ओलसर उपगटात.

तरुण, थर न घडलेल्या गाळाच्या जमिनी एंटिसॉल गणात जातात. करडेपणा वरच मुख्य असेल तर फ्लुव्हाक्वेंट. पण वरच्या भागात तपकिरी रंग बऱ्यापैकी टिकून असेल तर ‘एरिक फ्लुव्हाक्वेंट’, म्हणजे त्या गटातली जरा हवेशीर जमीन. करडे डाग असूनही तपकिरी रंगच वरचढ असेल तर ती फ्लुव्हेंट उपगणात राहते आणि ‘अ‍ॅक्विक युडिफ्लुव्हेंट’ होते. वर सांगितलेली ओरायन श्रेणी इथेच येते.

थोडी वयस्क जमीन, जिच्यात पदर मोडून मातीला रचना आली आहे, ती इन्सेप्टिसॉल गणात जाते. तिथेही तीच फाटाफूट दिसते: ओल्या बाजूला ‘फ्लुव्हाक्वेंटिक एंडोअ‍ॅक्वेप्ट’, जरा कोरड्या बाजूला ‘फ्लुव्हाक्वेंटिक डिस्ट्रुडेप्ट’ किंवा ‘युट्रुडेप्ट’. अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या पीडमाँट प्रदेशातली ‘च्युआक्ला’ श्रेणी फ्लुव्हाक्वेंटिक डिस्ट्रुडेप्ट आहे.

वर जाड, काळा, सुपीक थर असेल तर गण मॉलिसॉल. पुराच्या गाळाने हा थर साठत-साठत जाड झाला तर नावात ‘क्युम्युलिक’ येतं. ‘लॉसन’ श्रेणी ही ‘अ‍ॅक्विक क्युम्युलिक हॅप्ल्युडॉल’. काळ्या थरात करडे डाग लपतात, म्हणून अशा जमिनीत निचरा ठरवताना काळ्या थराच्या लगेच खालचा रंग जास्त काळजीने पाहावा.

‘फ्लुव्ह’ हा शब्दखंड नावात यायला अट आहे. खनिज पृष्ठभागापासून १२५ सेंटिमीटर खोलीवर किमान ०.२ टक्के सेंद्रिय कर्ब असायला हवा, किंवा २५ ते १२५ सेंटिमीटरच्या दरम्यान कर्ब अनियमितपणे घटलेला असायला हवा. मघाचा विस्कळीतपणा इथे वर्गीकरणाचा पुरावा होतो.

एवढं लांबलचक कुलनाम कसं वाचायचं?

कुल ही उपगटाच्या खालची पायरी. ‘वेकलंड’ श्रेणीचं कुलनाम घेऊ: कोर्स-सिल्टी, मिक्स्ड, सुपरअ‍ॅक्टिव्ह, नॉनअ‍ॅसिड, मेसिक एरिक फ्लुव्हाक्वेंट. शेवटचे दोन शब्द वर आलेच. आता आधीचे.

कोर्स-सिल्टी म्हणजे पोयट्याचं प्राबल्य आणि चिकणमाती १८ टक्क्यांहून कमी. ती १८ ते ३५ टक्के असती तर फाइन-सिल्टी झालं असतं. एंटिसॉलमध्ये हा पोत साधारणपणे २५ ते १०० सेंटिमीटरच्या पट्ट्यात मोजतात. मिक्स्ड म्हणजे खनिजं मिश्र, कोणतंही एक वरचढ नाही. सुपरअ‍ॅक्टिव्ह म्हणजे धन आयन विनिमय क्षमतेचं चिकणमातीच्या टक्केवारीशी प्रमाण ०.६० किंवा अधिक. अन्नद्रव्यं धरून ठेवण्याच्या दृष्टीने ही चांगली बातमी. नॉनअ‍ॅसिड म्हणजे कॅल्शियम क्लोराइडच्या सौम्य द्रावणात मोजलेला सामू ५.० किंवा जास्त. मेसिक म्हणजे मातीचं सरासरी वार्षिक तापमान ८ अंश सेल्सिअस किंवा जास्त, पण १५ हून कमी. एवढं वाचता आलं की जमीन न पाहता तिच्याबद्दल बरंच सांगता येतं.

जागतिक संदर्भ पद्धतीत नाव काय मिळतं?

मृदा साधनसंपत्तीच्या जागतिक संदर्भ पद्धतीची चौथी आवृत्ती २०२२ मध्ये आली. तिच्यात ‘फ्लुव्हिसॉल’ म्हणजे पदरांच्या गाळाच्या जमिनी आणि ‘ग्लेसॉल’ म्हणजे भूजलाने करड्या पडलेल्या जमिनी. वर्ग ठरवण्याच्या किल्लीत, म्हणजे क्रमाने तपासायच्या यादीत, ग्लेसॉल आधी तपासतात. आपल्या वर्गातल्या बऱ्याच जमिनींचा करडेपणा तेवढा वरपर्यंत पुरेसा नसतो, म्हणून त्या पुढे जाऊन ‘ग्लेयिक फ्लुव्हिसॉल’ होतात.

ही जमीन पाणथळ जागेची धरायची का?

सहसा नाही. अमेरिकेतल्या व्याख्येनुसार पाणथळ मातीत वाढीच्या हंगामात वरच्या भागातच हवाविरहित स्थिती तयार व्हावी लागते. काहीशा अपुऱ्या निचऱ्याच्या जमिनीत ती थोडी खाली होते. पण दोन अपवाद लक्षात ठेवायला हवेत. नकाशातल्या एका घटकात लहान सखल जागा मिसळलेल्या असतात आणि त्या पाणथळ निघू शकतात. शिवाय वाढीच्या हंगामात वारंवार आणि दीर्घकाळ पुराखाली राहणारी जमीन पुराच्या निकषावरही पाणथळ ठरू शकते. नकाशावरचं नाव वाचून निर्णय न देता जागेवर खड्डा घ्यावा.

शेतीसाठी कशी?

निचरा आणि पुरापासून संरक्षण मिळालं तर फार चांगली. मुख्य अडचण वाफशाची. वरचा थर सुकलेला दिसतो, पण एक वीत खाली माती अजून लोण्यासारखी असते. अशा वेळी जड अवजार घातलं तर खाली घट्ट थर बसतो आणि मुळात हळू असलेला निचरा आणखी मंदावतो. मुठीत घेतलेली खालची माती दाबल्यावर चुरली तरच नांगर घालावा, तिची वात वळत असेल तर थांबावं.

जमिनीखालच्या सच्छिद्र नळ्यांचा उपयोग होतो, पण पूरमैदानात त्या नळ्यांना बाहेर पडायला उतार मिळणं कठीण. नदी फुगलेली असताना नळीचं तोंडच पाण्याखाली जातं. म्हणून कित्येक ठिकाणी उघडे चर आणि पृष्ठभागाला दिलेला हलका उतार जास्त भरवशाचा ठरतो. पोयट्याच्या गाळात चराच्या कडा ढासळतात, तेव्हा त्या उभ्या न ठेवता पसरट ठेवाव्यात.

चर काढून पाणी उतरवलं तर वर्ग बदलतो का?

निचरावर्ग हा जमीन ज्या स्थितीत घडली त्या स्थितीचा असतो. माणसाने केलेला निचरा किंवा सिंचन यामुळे मातीची जडणघडण लक्षणीय बदलली नसेल, तर वर्ग तोच लिहितात. त्यामुळे उत्तम निचरा केलेल्या शेताच्या अहवालातही ‘काहीसा अपुरा निचरा’ असं दिसतं आणि ते बरोबरच असतं. चर बुजले किंवा नळ्या तुंबल्या की पाणी पुन्हा त्याच पातळीला येतं. जमिनीची किंमत ठरवताना किंवा कर्जासाठी कागद पाहताना म्हणूनच वर्गाबरोबर निचऱ्याची व्यवस्था आज चालू आहे का आणि तिची देखभाल कोण करतं, हेही विचारावं.